जाळीकामात रंगीत रेझिन भरताना आधी कडा बंद करा, मग रंग ओता

तुमची अडचण थोडक्यात अशी. १२ मिमीच्या सागवानी फळीवर स्क्रोल सॉने (बारीक पातीच्या नक्षीच्या करवतीने) घराची पाटी कापली. मधे सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर, भोवती तलाव, एका बाजूला यात्रेतल्या मिरवणुकीच्या उंच काठ्या, म्हणजे सात नंदीध्वज. तलावाच्या पोकळीत निळं इपॉक्सी रेझिन (हार्डनर कालवलं की टणक होणारं) मे महिन्यात भर दुपारी ओतलं. ते मागून गळलं, निळा रंग मंदिराच्या पायऱ्यांत शिरला, वर बुडबुडे आले आणि एक कोपरा आठवडा उलटला तरी चिकटच आहे. आता जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी दुसरी पाटी करायची आहे.

या चारांपैकी तीन गोष्टी रेझिन ओतण्याआधीच बिघडलेल्या असतात. म्हणून सुरुवात रंगापासून नको, कापलेल्या कडांपासून करा.

लाकडाच्या रेषेला आडवा काप जातो तिथे लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात. पातळ रेझिन त्यात वातीसारखं चढतं आणि रंग सोबत घेऊन जातं. तुमच्या पायऱ्या नेमक्या अशाच आडव्या कापाच्या आहेत. त्याच नळ्यांतली हवा बाहेर येते तेव्हा बुडबुडे उठतात. म्हणजे रंग शिरणं आणि बुडबुडे ही एकाच उघड्या तोंडाची दोन दुखणी आहेत.

कडा बंद करण्याची रीत अशी. कापल्यावर मागच्या बाजूची कुसळं १८० च्या काचपेपरने काढा. सागवानात तेल असतं, त्यामुळे कडा ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि ते उडालं की लगेच पुढचं काम धरा, कारण तेल पुन्हा वर येतं. मग बिनरंगाचं रेझिन हार्डनरसकट १०-१५ ग्रॅम कालवून बारीक ब्रशने सगळ्या आतल्या कडांना पातळ हात द्या. आडव्या कापावर दोन वेळा. तीन-चार तासांनी बोट लावलं तर चिकटतं, पण बोटाला रेझिन येत नाही, अशी अवस्था येते. रंगीत रेझिन तेव्हाच ओतायचं. दोन्ही थर एकजीव होतात. ही वेळ हुकली आणि कडा टणक झाल्या, तर २२० ने खरवडून मग ओता. चपडा (लाखेच्या) पॉलिशनेही कडा बंद होतात, पण साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर रेझिनची पकड कच्ची राहते. चपडा फळीच्या वरच्या तोंडाला लावा. तिथे सांडलेला रंग लाकडात मुरत नाही आणि नंतर घासताना चपडा निघून जातो.

गळतीचं कारण बहुतेक वेळा टेप नसून टेपखालचा भुसा असतो. मागची बाजू घासून, पुसून, मग रुंद ब्राऊन टेप लावा. पट्ट्या एकमेकींवर किमान १० मिमी चढवा आणि प्रत्येक पोकळीच्या काठाने चमच्याची पाठ दाबून फिरवा. नीट बसलेली टेप काठाशी गडद दिसते. जिथे पांढुरकी राहिली तिथूनच गळणार. खाली प्लास्टिकचा कागद, त्याखाली सपाट लॅमिनेटची फळी, वरून चार क्लॅम्प. पाणसळ ठेवून दोन्ही दिशांना पातळी बघा, नाहीतर तलाव एका बाजूला जाड आणि दुसरीकडे खोलगट होतो.

किती रेझिन लागेल हे अंदाजाने ठरवू नका. पोकळीतून निघालेले तुकडे टाकून न देता वजन करा. समजा ३० × २० सेंमीची अख्खी फळी ४६८ ग्रॅम होती आणि तलावाचे तुकडे ११७ ग्रॅम भरले. म्हणजे एक चतुर्थांश, १५० चौरस सेंमी. जाडी १.२ सेंमी, तर १८० मिली. वर दहा टक्के धरून २०० मिली, वजनात साधारण २२० ग्रॅम. हे एकदम ओतू नका. ६ मिमीचे दोन थर, प्रत्येकी ११० ग्रॅम. बाटलीवर वजनाने २:१ लिहिलं असेल तर ७३ ग्रॅम रेझिन आणि ३७ ग्रॅम हार्डनर. लेबलवर प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे आधी वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलकं असतं, त्यामुळे मापाचं प्रमाण काट्यावर वापरलं की मिश्रण चुकतं. एवढ्या वजनाला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा किचनचा काटा पुरतो.

चिकट राहिलेला तुमचा कोपरा बहुधा नीट न कालवल्याचा आहे. प्रमाणच चुकलं असतं तर अख्खा तलाव मऊ राहिला असता. कपाच्या बुडाशी आणि कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं. शेवटी कप निथळताना ते नेमकं एका जागी पडतं. म्हणून चार मिनिटं हळू ढवळा, कडा खरवडत राहा, मग सगळं दुसऱ्या कोरड्या कपात ओतून आणखी एक मिनिट ढवळा. त्या कोपऱ्यावर नवीन थर ओतून तो सुकणार नाही. मऊ भाग चाकूने कोरून काढा, ॲसिटोनने पुसा आणि पुन्हा भरा.

रंग वजनाच्या ३ ते ५ टक्के, म्हणजे ११० ग्रॅमला ४-५ ग्रॅम पुरे. चकाकी हवी असेल तर अभ्रकाची पावडर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘मायका’ मागितलात तर सनमायकाची शीट हातात पडेल, म्हणून ‘रेझिनची पर्ल पावडर’ म्हणा. पाण्यातला ॲक्रिलिक रंग एक-दोन थेंबांपुढे नको, त्यातल्या पाण्याने रेझिन ढगाळ आणि रबरासारखं होतं. रांगोळी तर नकोच: तिचे खडे घासताना निसटतात आणि शेजारच्या सागवानावर ओरखडे काढतात. तलावात दोन निळ्या छटा हव्या असतील तर पहिली छटा ओतून थांबा. काडीने उचलल्यावर एकतारी पाकासारखी तार धरू लागली की दुसरी सोडा. त्याआधी सोडली तर दोन्ही मिळून एकच निळा होतो.

आता वेळ. मे महिन्यात सोलापूरची दुपार चाळिशीच्या वर असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. शिवाय कपात साठलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापतं. कालवून झालं की कपात ठेवू नका, लगेच ओता. कपातून वाफ किंवा धूर दिसला तर तो मोकळ्या हवेत नेऊन ठेवा. सकाळी लवकर ओतलं की वेळ जास्त मिळतो हे खरं, पण दिवस चढतो तशी फळी तापते आणि आतली हवा बाहेर पडू लागते. सूर्य मावळल्यावर ओता. तापमान उतरत असताना लाकूड हवा आत ओढतं. वर खोका पालथा घाला, म्हणजे धूळ बसत नाही. यात्रेआधी डिसेंबरात कराल तेव्हा उलटी अडचण येईल: रेझिन दाट होतं, बुडबुडे अडकतात. दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका, आणि खोली बंद ठेवा.

ओतल्यावर बुडबुडे फोडायला कोपऱ्यांतून सुई फिरवा. हीट गन १५ सेंमीवरून फिरती ठेवा, दोन सेकंदांच्या वर एका जागी थांबवू नका. जास्त ऊब दिली की टेपचा गोंद सैल होतो आणि बुडातून गळती सुरू होते.

शेवटचा थर फळीच्या वर १ मिमी उभा राहू द्या. घासायला किमान ७२ तास थांबा. नखाने दाबून खूण उमटत असेल तर अजून वेळ आहे, काचपेपर चिकट गोळ्यांनी भरून जाईल. ८०, १२०, १८०, २४०, ३२० असा क्रम, आणि कागदामागे लाकडी गट्टू हवाच. नुसत्या हाताने घासलं तर सागवान आधी झिजतं आणि तलाव उंचवट्यासारखा वर राहतो. मास्क आणि नायट्राइल हातमोजे टाळू नका. कच्च्या रेझिनची धूळ आणि चिकटा कातडीला एकदा बाधला की पुढे थोड्याशा संपर्कानेही खाज सुटते.

घासलेलं रेझिन पांढुरकं दिसतं, घाबरू नका, पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) पहिला हात बसताच रंग परत येतो. पाटी दाराबाहेर लागणार असेल तर पीयू ऊन सोसणारं घ्या. उन्हात रेझिन पिवळं पडतं. गडद निळ्यात ते लपतं, पांढऱ्यात नाही.

म्हणून नंदीध्वजांच्या पांढऱ्या काठ्या रेझिनमध्ये करू नयेत असं माझं मत आहे. त्या जेमतेम २ मिमी रुंद असतील, तिथे बुडबुडा अडकला तर सुईसुद्धा उपयोगी पडत नाही. त्याऐवजी ३ मिमीची पांढरी ॲक्रिलिक शीट घ्या, दोन्ही बाजूंना ब्राऊन टेप लावून स्क्रोल सॉचा वेग कमी ठेवा आणि ५ नंबरच्या पातीने पट्ट्या कापा. टेपमुळे पाती कमी तापते, नाहीतर वितळलेलं ॲक्रिलिक कापामागे पुन्हा चिकटतं. काठ्यांची जागा आरपार न कापता पटाशीने ३ मिमी खोल खाच करा, पट्टी दोन थेंब रेझिनने बसवा. हे काम तलावाच्या आधी करा, म्हणजे घासताना दोन्ही एकाच पातळीत येतात.