कूबर पेडीला पाहण्यासारखं काय आहे आणि हे गाव तिथे वसलं कसं?

ओपलमुळे. आपल्याकडे शुक्रासाठी अंगठीत घालतात, तोच खडा. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, ॲडलेडपासून साधारण 850 किमीवर, 1915 साली सोन्याच्या शोधात निघालेल्या टोळीतल्या विली हचिसन या 14 वर्षांच्या पोराला तो सापडला. सोनं राहिलं बाजूला! नाव स्थानिक आदिवासींच्या ‘कुपा पिटी’वरून आलं, अर्थ साधारण ‘गोऱ्यांचं बीळ’. नाव अगदी चपखल, कारण उन्हाळ्यात बाहेर पारा 40च्या वर जातो, म्हणून निम्मं गाव जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतं. आत बारा महिने 23-25 अंश, एसीची गरजच नाही.

वेळ कमी असेल तर सर्बियन चर्च चुकवू नका. तेही जमिनीखालीच, तांबूस-पिवळ्या दगडाच्या भिंतींवर खोदयंत्राच्या दातांचे गोल ओरखडे जसेच्या तसे दिसतात. ओल्ड टाइमर्स माइन ही जुनी खाण आणि संध्याकाळच्या उन्हात ब्रेकअवेजचे रंगीत डोंगर, एवढं पुरे. गोल्फचं मैदानही आहे, पण गवताशिवाय.

खाणींच्या भागात फोटो काढताना मागे सरकत जाऊ नका. खोल खड्डे उघडेच असतात, तशा पाट्याही लावल्यात.