बॅटरीच्या कचऱ्यावर 80जेजेएची वजावट मिळते का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतची कागदपत्रे वाचली. आपली भागीदारी संस्था जुन्या लिथियम-आयन बॅटऱ्या फोडून व भरडून त्यांची काळी भुकटी, म्हणजे ब्लॅक मास, विकत आली आहे. ऑक्टोबर 2025 अखेर आपण 3 कोटी रुपयांची नवी यंत्रणा बसवली आणि आता त्या भुकटीतून लिथियम कार्बोनेट आणि कोबाल्ट व निकेलची सल्फेटे स्वतःच काढता. निर्धारण वर्ष 2025-26 च्या (म्हणजे आर्थिक वर्ष 2024-25 च्या उत्पन्नाच्या) विवरणपत्रात करसल्लागारांनी प्राप्तिकर कायद्याच्या कलम 80जेजेए खाली संपूर्ण नफ्याची वजावट घेतली. ती टिकेल का, आणि केंद्र सरकारच्या योजनेत अर्ज केला आहे त्याचे अनुदान करमुक्त असेल का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. कलम 80जेजेए हे विघटनशील, म्हणजे जैविक कचरा गोळा करून त्यापासून वीज, जैविक खत, बायोगॅस किंवा इंधनाच्या कांड्या तयार करणाऱ्यांसाठी आहे. बॅटरीतले कोबाल्ट कुजत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने आपले काम तितकेच मोलाचे आहे हा युक्तिवाद मला मनापासून पटतो, पण करसवलतीच्या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणेच लावायचा आणि संदिग्धता असल्यास तिचा लाभ महसुलाला, म्हणजे कर खात्याला, द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2018 साली दिलीप कुमार आणि कंपनी प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय इथे संदिग्धतासुद्धा नाही. मला वाटते, सल्लागारांच्या मनात कलम 80जेजेएए असावे. ते नव्या कर्मचाऱ्यांच्या पगारावरील जादा खर्चाच्या 30 टक्के रकमेची तीन वर्षे वजावट देते, आणि कर्मचाऱ्याचे वेतन दरमहा 25,000 रुपयांपर्यंत असणे ही त्यातली एक अट आहे. नव्या विभागासाठी आपण माणसे घेतली आहेत, तेव्हा ते जरूर तपासून घ्या.

चुकीची वजावट आपणहून मागे घ्या. सुधारित विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर 2025 रोजी संपली. आता अद्ययावत विवरणपत्राचा, म्हणजे मुदतीनंतर जादा कर देऊन चूक सुधारण्याचा, मार्ग उरतो. ते 31 मार्च 2027 पर्यंत भरल्यास थकीत कर आणि व्याज यांवर 25 टक्के जादा कर द्यावा लागतो, आणि त्यापुढे हा दर 50, 60 आणि 70 टक्के असा चढत जातो. ही रक्कम आपल्याला जड जाईल हे मी जाणतो. मात्र खात्याने आधी चौकशी उघडली, तर कलम 270अ खाली उत्पन्न कमी दाखवल्याचा, कमी भरलेल्या कराच्या 50 टक्के, आणि चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर 200 टक्के दंड संभवतो. त्यामुळे नोटिशीची वाट पाहू नका.

आपल्याला मिळू शकणारी खरी सवलत यंत्रांवरच्या घसाऱ्यात, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीपोटी दरवर्षी मिळणाऱ्या वजावटीत, आहे, आणि तिकडे कोणी लक्षच दिलेले नाही. सामान्य यंत्रसामग्रीवर 15 टक्के घसारा मिळतो, पण प्राप्तिकर नियमांच्या परिशिष्टात घनकचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची आणि त्यातून संसाधने परत मिळवण्याची यंत्रणा वेगळी नोंदवलेली असून तिचा दर 40 टक्के आहे. आपल्या 3 कोटींपैकी 2 कोटींची यंत्रणा या वर्गात बसली, तर ती वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली म्हणून निम्मा घसारा धरूनसुद्धा, पहिल्याच वर्षी 15 टक्के दराच्या तुलनेत 25 लाखांचा घसारा जास्त मिळतो. त्यावर नव्या यंत्रांचा 20 टक्के अतिरिक्त घसारा आहे, निम्मा या वर्षी व उरलेला पुढच्या वर्षी. त्यासाठी व्यवसाय ‘उत्पादना’चा असावा लागतो, आणि भुकटीपासून रासायनिक रचनेने वेगळे असलेले लिथियम कार्बोनेट तयार करणे हे उत्पादन आहे, अशी भूमिका आपण ठामपणे घेऊ शकता. भागीदारी संस्थेची कंपनी करून 22 टक्के सवलतीचा करदर घ्यावा असेही कोणी सुचवल्याचे आपण लिहिता. तो दर घेतला की अतिरिक्त घसारा सोडावा लागतो, म्हणून दोन्ही हिशेब शेजारी मांडल्याशिवाय तो निर्णय करू नये.

आता अनुदानाकडे वळतो. 3 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली 1,500 कोटींची योजना प्रत्यक्ष खनिज वेगळे काढणाऱ्यांसाठीच आहे, फक्त काळी भुकटी करणाऱ्यांसाठी नाही. तेव्हा नवी यंत्रणा बसवण्याचा आपला निर्णय योग्य होता. तीत भांडवली खर्चावर 20 टक्के आणि वाढीव विक्रीशी जोडलेले चालू खर्चावरचे, अशी दोन अनुदाने आहेत, आणि करासाठी दोघांची वाट वेगळी आहे. यंत्रांसाठीचे अनुदान उत्पन्नात धरले जात नाही, पण तेवढ्याने यंत्राची किंमत कमी धरली जाते, म्हणजे त्या रकमेवर घसारा मिळत नाही. चालू खर्चाचे अनुदान मात्र सरळ उत्पन्न आहे आणि त्यावर कर भरावा लागेल. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 खाली उत्पादकांना विकलेल्या ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) प्रमाणपत्रांची रक्कमही व्यवसायाचेच उत्पन्न आहे. कार्बन क्रेडिटचा (उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या पत्रांच्या विक्रीचा) 10 टक्के सवलतीचा दर तिला लागू होत नाही.

शेवटी एका कागदाबद्दल. आपण पाठवलेल्या बिलावर सगळी यंत्रणा ‘रिसायकलिंग प्लांट, 1 संच’ अशा एकाच ओळीत आहे. करनिर्धारण अधिकारी त्या ओळीवर बोट ठेवून यातले संसाधन परत मिळवण्याचे यंत्र कोणते आणि साधे क्रशर कोणते, असे विचारील, आणि उत्तर देण्याजोगे आपल्याकडे काहीच नसेल. पुरवठादाराकडून लीचिंग टाक्या (धातू विरघळवणाऱ्या), फिल्टर प्रेस, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचा (द्रावकाने धातू वेगळे करणारा) संच, क्रशर आणि विजेची जोडणी यांच्या किमती वेगवेगळ्या दाखवणारे पत्र मागवा, प्रत्येक यंत्र नेमके काय करते हे सांगणारा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला त्याला जोडा, आणि हे सगळे निर्धारण वर्ष 2026-27 चा लेखापरीक्षण अहवाल सही होण्याआधी लेखापरीक्षकांच्या हाती द्या.