तेरावा महिना फुकट: घ्यावा की सोडावा?

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका गावातून निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. घरी तिघं: ते, पत्नी आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी मुलगी. ब्रॉडबँडचं वर्ष ३० जूनला संपतं. सध्याचा प्लॅन महिना ९९९ रुपये अधिक जीएसटी, वेग १५० एमबीपीएस, सोबत ओटीटीचा, म्हणजे चित्रपट-मालिकांच्या ॲपचा गठ्ठा. कंपनीचा फोन आला की वर्षाचे पैसे एकदम भरा, तेरावा महिना फुकट. दरम्यान दुसऱ्या कंपनीची फायबर लाईन वाड्यावर पोचली आहे: ६९९ अधिक जीएसटी, वेग १००, सहा महिन्यांचे पैसे भरल्यास जोडणी फुकट. गावातला केबलवाला महिन्याला ५०० म्हणतो, पण बिल देत नाही. पत्रात दोन गोष्टी जाता जाता आल्या आहेत. मुलीला पुढच्या एप्रिलपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं आहे आणि ओटीटीपैकी घरात एकच ॲप पाहिलं जातं. शेवटी ते विचारतात, शिक्षकाने अशी घासाघीस करणं बरं दिसतं का?

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींतच आहे.

आधी कंपनीची ऑफर बघू, कारण ती वाईट नाही. ९९९वर १८ टक्के जीएसटी धरला की महिना सुमारे १,१७९ रुपये पडतो, वर्षाचे १४,१४६. एवढे आगाऊ भरून बाराऐवजी तेरा महिने मिळाले, तर महिन्याच्या महिन्याला भरण्याच्या तुलनेत आगाऊ घातलेल्या पैशावर वर्षाला सुमारे १६ टक्के सुटतात. मुदत ठेवीवर एवढं व्याज कोणतीही मोठी बँक देत नाही. म्हणून पेन्शनच्या खात्यात पैसे पडून असलेल्या माणसाला ही ऑफर पटते आणि ते साहजिक आहे.

पण हा फायदा येतो कधी? बारा महिने पुरे वापरलेत तर तुम्ही फक्त बरोबरीला येता. सगळी बचत तेराव्या महिन्यात आहे, म्हणजे पुढच्या जुलैत. तोवर मुलगी पुण्यात असेल. जिच्या कामासाठी हा वेग घेतला ती घरात नसताना एप्रिल ते जुलै असे चार महिने तुम्ही त्याच वेगाचे पैसे आधीच भरलेले असतील. मध्येच लाईन सोडावीशी वाटली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का, हे त्यांना लेखी विचारा. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं.

आता गरजेकडे या. मुलीच्या व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर एचडी चित्रपटाला पाचच्या आसपास, फोर-केला पंधराच्या आसपास. तिघांनी एकाच वेळी काहीही लावलं तरी १००चा वेग तुमच्या घराला भरपूर आहे. मीटिंग अडकत असेल तर मला संशय वेगाचा नाही, भिंतींचा आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल, फार पुढे जात नाही. राउटर हॉलमध्ये आणि मुलगी मागच्या खोलीत असेल, तर तिच्या टेबलापर्यंत एक लॅन केबल ओढून घ्या. हा खर्च एकदाच, आणि दीडशेच्या प्लॅनपेक्षा उपयोग जास्त.

तुमच्याच कंपनीच्या ॲपमध्ये ६९९ला १०० एमबीपीएस आणि ३९९ला ३० एमबीपीएस असे ओटीटी नसलेले प्लॅन दिसतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. हिशेब मग सरळ आहे. जुलै ते मार्च ६९९चा प्लॅन, जीएसटीसकट महिना ८२५ धरून नऊ महिन्यांचे ७,४२३. एप्रिलपासून तुम्हा दोघांपुरता ३९९चा, महिना ४७१, चार महिन्यांचे १,८८३. तेरा महिन्यांचे झाले ९,३०७ रुपये. ऑफरमधल्या तेरा महिन्यांचे १४,१४६. फरक ४,८०० रुपयांहून जास्त, तोही कुणाशी एक शब्द न घासता. मुलगी पाहते त्या एका ॲपची वर्गणी वेगळी घ्यावी लागली तर ती यातून वजा करा, तरी चांगली रक्कम उरेल. ती ओटीटीशिवाय ऐकतच नसेल, तर निर्णय तिचा, पण वरचे पैसेही तिने भरावेत. आणि तिची कंपनी इंटरनेटचा खर्च परत देते का, हे आजच विचारायला सांगा. देत असेल तर बिल तिच्या नावावर लागेल आणि मार्चपर्यंतचा सगळाच हिशेब बदलेल.

घासाघीस करण्यात गैर काही नाही, सर. तुम्ही वर्षभर वेळेवर पैसे भरलेत आणि दारात खरंच दुसरी लाईन आली आहे. जे खरं आहे तेच सांगायचं आहे. फक्त कशासाठी भांडायचं ते नीट ठरवा. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या १९९९च्या दर आदेशानुसार एकाच वर्गातल्या ग्राहकांत कंपनीला भेदभाव करता येत नाही, त्यामुळे मासिक दर तुमच्यापुरता उतरेल ही आशा कमी ठेवा. जागा असते ती अटींमध्ये. जूनच्या मध्याला, प्लॅन संपायच्या आधी फोन करा आणि म्हणा: मी ६९९वर उतरतोय, सहा महिन्यांचे पैसे भरले तर जास्तीचे दिवस किती? राउटर जुना आहे, नवा ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा) बदलून मिळेल का? वर्षाच्या मध्येच प्लॅन खाली उतरवायला काही शुल्क आहे का? जे कबूल करतील ते एसएमएस किंवा ईमेलवर मागा. फोनवरच्या शब्दाला पुढच्या महिन्यात कुणी ओळखत नाही.

नव्या कंपनीबद्दल मी थोडा थांबलो असतो. दर तोच असेल तर केवळ जोडणी फुकट म्हणून जाऊ नये. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा जून-जुलैत. फायबर बहुतेक ठिकाणी खांबांवरूनच येते. माड किंवा फांदी पडली की लाईन गेली. या लाईनने तुमच्या वाड्यावरचा पावसाळा अजून पाहिलेला नाही. सध्याची लाईन गेल्या जुलैत किती वेळा गेली आणि लाईनमन किती तासांत आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो अनुभव बरा असेल तर तिथेच राहा. वाईट असेल तर मात्र बदला, कारण मीटिंगमधून वारंवार गायब होणं मुलीच्या नोकरीला महाग पडेल. बदलताना ब्रॉडबँडला मोबाईलसारखी पोर्टेबिलिटी नाही हे लक्षात ठेवा: आठवडाभर दोन्ही लाईन चालू ठेवा, नवी पावसात तपासा, मग जुनी बंद करा. लाईन कुठलीही असो, राउटरसाठी दीड-दोन हजारांचा छोटा यूपीएस घ्या. पावसात वीज जाते तेव्हा फायबर चालू आणि राउटर बंद असं नेहमी होतं.

केबलवाल्याचे ५०० रुपये बिलाशिवाय असतील तर नको. बिल नाही म्हणजे तक्रारीला आधार नाही आणि मुलीच्या कंपनीकडे दाखवायला कागद नाही. पण त्याला एक प्रश्न जरूर विचारा. बीएसएनएलची फायबर सेवा बऱ्याच गावांत स्थानिक भागीदारांमार्फत चालते. तो तसा भागीदार असेल आणि रीतसर बिल देणार असेल, तर त्याचा दर मागून घ्या. पावसात सायकल काढून खांबापर्यंत येणारा माणूस गावातलाच असतो, आणि त्यासाठी शंभर रुपये जास्त गेले तरी मी देईन.

कुठल्याही वाटेने गेलात तरी आधी जुन्या प्लॅनचा ऑटो-पे बँकेतून किंवा यूपीआय ॲपमधून बंद करा, नाहीतर १ जुलैला ९९९चा प्लॅन आपोआप सुरू होईल. लाईन सोडली तर राउटर परत दिल्याची पावती घ्या आणि अनामत भरली असेल तर ती लेखी मागा. काही अडलं तर कंपनीच्या तक्रार केंद्राने दिलेला डॉकेट (तक्रार) क्रमांक जपून ठेवा. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, तिकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.