कॅथलिकांना आशीर्वादित जमिनीतच का पुरतात?

तुमच्या शेजारच्या कॅथलिक आजी गेल्या तेव्हा घरच्यांनी आशीर्वादित जमिनीचाच आग्रह का धरला, त्या मातीत वेगळं काय असतं आणि दहन चाललं नसतं का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरचाच, सदरच्या कॅथेड्रलमध्ये मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, जाणारा, म्हणून सांगतो.

तिथे पुरल्याने कुणाचा स्वर्ग पक्का होत नाही, बाहेर पुरल्याने हुकतही नाही. पण शरीर म्हणजे आत्म्याने टाकलेलं जुनं वस्त्र, असं आम्ही मानत नाही. याच देहावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, याच जिभेवर मिस्सातला ख्रिस्तप्रसाद ठेवला गेला आणि शेवटच्या दिवशी हाच देह उठणार. तोवर तो जिथे राहील ती जागा देवाला वाहिलेली असावी, एवढंच मागणं असतं. संत पौलाने दफनाला पेरणी म्हटलंय. विदर्भातल्या माणसाला ते फोडून सांगायला नको.

दफनभूमी चर्चची स्वतःची नसेल आणि सार्वजनिक दफनभूमीत आशीर्वादित भागही नसेल, तर प्रत्येक कबर वेगळी आशीर्वादित करावी, असं चर्चच्या कायद्याचं कलम 1240 सांगतं. मग फादर त्या खड्ड्यावर प्रार्थना म्हणून पवित्र पाणी शिंपडतात, पेटी उतरते आणि लहानथोर सगळे मूठमूठ माती टाकतात.

दहनाला 1963 पासून मुभा आहे. पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेलं नसावं. मात्र व्हॅटिकनच्या 2016 च्या सूचनेप्रमाणे अस्थी पाण्यात सोडायच्या नाहीत. म्हणजे रामटेकला अंबाळा तलावावर नेता येत नाहीत, त्याही पवित्र जागीच ठेवायच्या.

एक गोष्ट ठासून सांगतो, कारण लोक अजून चुकीचं बोलतात. जाणूनबुजून आत्महत्या केलेल्याला चर्चचं दफन नाकारणारा नियम 1917 च्या कायद्यात होता, 1983 च्या कायद्यात तो नाही. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळालाही, आईवडिलांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती तर, बिशपच्या परवानगीने चर्चचा अंत्यविधी मिळू शकतो. ज्या घरावर असा प्रसंग आलाय, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. ऐकीव गोष्टींवर विसंबून कुणी आपल्या माणसासाठी फादरकडे जायचंच टाळू नये.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आजींच्या घरचे कबरीवर जातील. शेवंती, मेणबत्त्या घेऊन तुम्हीही जा, कुणी अडवणार नाही. कबर अजून कच्चीच दिसली तर हयगय समजू नका. आपली काळी माती पावसाळाभर खचते. ती बसली की मगच सिमेंटचं काम काढतात.