आधी गेम, मग मशीन

जुन्या कॉम्प्युटर गेम्सची सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८० च्या दशकातला ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर विकत घ्यायची घाई करू नकोस. आधी 'फ्यूज' हा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लॅपटॉपवर टाक आणि 'जेटपॅक' मनसोक्त खेळ. १९८३ चा गेम, अवघ्या १६ केबीत बसवलेला! पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, पण ८ बाय ८ च्या प्रत्येक चौकटीत रंग दोनच. म्हणून दोन वस्तू जवळ आल्या की रंग एकमेकांत सांडतात. तो बिघाड नव्हे. मला तर त्यातच या गेम्सचा जीव वाटतो.

खरं मशीन मिळालंच तर अडॅप्टर तपासल्याशिवाय पिन लावू नकोस. त्याला ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधोमध ऋण टोक असतं. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरचं नेमकं उलट. सांगलीत घाईघाईनं घेतलेल्या अडॅप्टरनं माझं एक मशीन गेलं, अजून हळहळ वाटते.

या मशीनचे गेम टेपच्या कॅसेटवर असत. कॅसेट लोड होताना पडद्याची कड बघ. आधी लाल-आकाशी जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक. जाड पट्टे स्थिर दिसेनात तर टेपचा आवाज थोडा वाढव. तरीही जमेना? टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, मग हेडचा कोन बदलणारा शेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरव. कर्कश आवाज खणखणीत झाला की थांब.

आणि कृष्णाकाठच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेव.