ॲलर्गॉइड : परागकणांच्या ॲलर्जीवरील सुधारित लशीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गवताच्या परागकणांच्या ॲलर्जीसाठी मला इंजेक्शनांचा उपचार सुचवला असून त्यात ‘ॲलर्गॉइड’ वापरणार असल्याचे सांगण्यात आले. नेहमीच्या अर्कापेक्षा हे वेगळे कसे?

उत्तर : ज्या परागकणांमुळे शिंका येतात आणि डोळे खाजतात, त्यांचाच अर्क वाढत्या मात्रेत टोचून शरीराला त्याची सवय लावण्याची कल्पना जुनी आहे; लंडनमधील लिओनार्ड नून यांनी टिमोथी गवताच्या परागांवरचे आपले काम १९११ साली प्रसिद्ध केले. अडचण अशी की, जो पदार्थ गुण देतो तोच त्रासही देतो. पुरेशी मात्रा दिल्याशिवाय लाभ होत नाही, आणि मात्रा वाढवावी तसा अंगावर गांधी उठण्यापासून ॲनाफिलॅक्सिसपर्यंतचा (साऱ्या शरीरात अचानक उठणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीपर्यंतचा) धोका वाढत जातो. १९८६ साली ब्रिटनमधील औषधसुरक्षा समितीने १९५७ पासून या उपचाराशी संबंधित २६ मृत्यूंची नोंद केल्यावर तिथे त्याचा वापर फार आक्रसला. त्याआधीच, १९७० मध्ये, डेव्हिड मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राय गवताच्या परागांतील ॲलर्जनवर (ॲलर्जी उद्भवणाऱ्या प्रथिनावर) फॉर्मल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया करून त्याचा उपद्रव कमी करता येतो हे दाखवले होते. घटसर्पाच्या विषावर अशीच प्रक्रिया करून टॉक्सॉइड, म्हणजे लशीत वापरायचे निरुपद्रवी केलेले विष, बनवतात. त्याच धर्तीवर ‘ॲलर्गॉइड’ हे नाव पडले.

प्रश्न : पण रेणूच बदलला, तर शरीर खऱ्या परागकणाला सरावणार कसे?

उत्तर : साऱ्या विषयाचे मर्म या शंकेत आहे. प्रतिकारयंत्रणा एकच प्रथिन दोन निराळ्या रीतींनी ओळखते. त्वचेत व श्वसनमार्गात असणाऱ्या मास्ट पेशींवर बसलेली आयजीई प्रतिपिंडे (ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे) प्रामुख्याने प्रथिनाच्या घडीमुळे त्याच्या पृष्ठभागावर तयार झालेला आकार ओळखतात, आणि एकाच रेणूने शेजारशेजारची आयजीई प्रतिपिंडे सांधली की त्या पेशी खाज, शिंका आणणारे हिस्टामिन बाहेर टाकतात. प्रतिकारयंत्रणेची दिशा ठरवणाऱ्या टी पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) मात्र अखंड प्रथिन कधी दिसतच नाही. दुसऱ्या पेशी ते गिळून त्याचे बारीक तुकडे करतात आणि अमिनो आम्लांच्या त्या छोट्या साखळ्या टी पेशींसमोर धरतात. ग्लुटाराल्डिहाइडसारखे रसायन मुख्यतः लायसिन या अमिनो आम्लाच्या टोकांना पकडून रेणूंना एकमेकांत गुंतवते. त्यामुळे आयजीईने ओळखण्याच्या बऱ्याच जागा झाकल्या जातात किंवा विद्रूप होतात, पण पेशीच्या आत त्या गुंत्याचे तुकडे झाल्यावर टी पेशींना उपयोगी पडणाऱ्या साखळ्या बऱ्याच अंशी मिळतात. त्यांच्याच जोरावर ॲलर्जीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी आणि आयजीजी-४ ही अडवणूक करणारी प्रतिपिंडे वाढतात.

‘बऱ्याच अंशी’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत, कारण लायसिन असलेले काही तुकडे बदलतातच, आणि प्रक्रिया अति झाली तर टी पेशींच्याही हाती फारसे काही लागत नाही. पोटॅशियम सायनेट वापरण्याची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात रेणू एकमेकांना जोडले जात नाहीत, ते लहानच राहतात, म्हणून असे ॲलर्गॉइड जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांसाठी वापरले जाते.

प्रश्न : फॉर्मल्डिहाइड अंगात जाणे घातक नाही का?

उत्तर : प्रक्रियेनंतर उरलेले रसायन गाळून काढले जाते आणि शिल्लक अंश नगण्य असतो. आपल्या चयापचयातही फॉर्मल्डिहाइड सतत तयार होत असते. चिंता करायचीच तर पुढच्या प्रश्नातील गोष्टीची करावी.

प्रश्न : ही लस सुरक्षित असेल, तर प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास थांबवून का ठेवतात?

उत्तर : कारण ती ‘अधिक सुरक्षित’ आहे, ‘निर्धोक’ नव्हे. आयजीईची पकड ढिली होते, पूर्ण सुटत नाही. सुरुवातीच्या वाढत्या मात्रांचे टप्पे कमी करता येतात, हा ॲलर्गॉइडचा मोठा फायदा आहे. पण गंभीर प्रतिक्रिया आलीच तर ती बहुधा पहिल्या तीस मिनिटांत येते आणि तेव्हा ॲड्रिनॅलिन हे तातडीचे औषध हाताशी असावे लागते. दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार देऊ नये आणि गरोदरपणात तो नव्याने सुरू करू नये. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब व हृदयविकारावर दिली जाणारी एक प्रकारची औषधे) घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

प्रश्न : दोन कंपन्यांच्या ॲलर्गॉइडवर वेगवेगळे आकडे लिहिलेले असतात. मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद का? आणि मधेच कंपनी बदलली तर चालेल का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’. साध्या अर्काची ताकद बहुधा आयजीई त्याला किती चिकटते यावरून मोजतात. इथे तर आयजीईने चिकटू नये म्हणूनच खटाटोप केलेला असतो, तेव्हा ती मोजपट्टी निकामी ठरते आणि प्रत्येक उत्पादक स्वतःचे एकक ठरवतो. माझ्या मते ॲलर्गॉइडची खरी दुबळी बाजू हीच आहे, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. म्हणून दोन उत्पादनांची तुलना बाटलीवरच्या आकड्यांवरून न करता, त्या विशिष्ट उत्पादनाच्या चाचण्यांत रुग्णांची लक्षणे आणि औषधांची गरज किती घटली यावरून करावी. उपचार साधारणपणे किमान तीन वर्षे चालतो. मधेच उत्पादन बदलणे भागच पडले, तर पूर्वीची मात्रा तशीच पुढे न चालवता नव्या उत्पादनाच्या सुरुवातीच्या मात्रेपासून आरंभ करावा.