अर्धशिशी आयुर्वेदाने मुळापासून जाते का?

तुमचा प्रश्न असा: सहा वर्षांपासून अर्धशिशी आहे, महिन्यातले आठ-दहा दिवस डोकेदुखीची गोळी घ्यावी लागते, तर आयुर्वेदाने ती मुळापासून जाईल का आणि कोणतं औषध घ्यावं?

मी वैद्य नाही. 22 वर्षं हे डोकं सांभाळणारी आणि त्यातली शेवटची पाच-सहा वर्षं एका वैद्यबाईंकडे जाणारी शिक्षिका आहे. माझी मुळापासून गेलेली नाही. महिन्यात सात-आठ वेळा यायची, आता एखाददोनदा येते. त्यात औषधांचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, ते खाली वाचून तुम्हीच ठरवा.

आमच्या घरी या दुखण्याला अर्धशिशी कुणी म्हणतच नसे. ‘पित्त झालंय’ म्हणायचे. आजीला व्हायचं, आईला व्हायचं, मग मला. खोलीत अंधार, कपाळावर सुंठीचा लेप, डोक्याला करकचून फडकं, आणि तरी थांबलं नाही की मिठाचं पाणी पिऊन घशात बोटं. हिरवं-पिवळं पाणी पडलं की ‘पडलं एकदाचं!’ पुढे डॉक्टरांनी सांगितलं की मळमळ हा त्या झटक्याचाच भाग आहे, पोटातून डोक्यात काही चढत नाही. उलट झटक्यात जठराचं काम मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी तशीच पडून राहते. आणि मी तर ती उलटीत बाहेरच काढत होते.

वैद्यबाईंकडे गेले ते ‘माझी पित्तप्रकृती आहे’ असं स्वतःच जाहीर करत. त्या म्हणाल्या, पित्ताचं नंतर बघू, आधी दोन महिने कॅलेंडरवर फुल्या मारा. दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकोनांत मी फुल्या मारल्या. पाळीच्या आधीचे दोन दिवस निघाले, ते अपेक्षितच होतं. रविवार निघाले, कारण एरवी पाचला उठणारी मी त्या दिवशी नऊला उठायचे आणि चहाही तेव्हाच. आणि दोन्ही महिन्यांत फुली होती संकष्टीवर! चंद्रोदय नऊ-साडेनऊचा, तोवर पोटात दोनदा चहा आणि मूठभर शेंगदाणे. संध्याकाळी सहालाच डावं कानशील ठणकायला लागायचं. संकष्टी सोडायला मन होईना, म्हणून आता दर तीन तासांनी काहीतरी खाते: राजगिऱ्याचा लाडू, ताक, केळं. सासूबाईंना सांगताना चाचरत होते. त्या म्हणाल्या, “खा गं. डोक्याचं दुखणं गणपतीइतकं कुणाला कळणार?”

ग्रंथांत काय आहे तेही वैद्यबाईंनीच उघडून दाखवलं. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या 25व्या अध्यायात 11 शिरोरोग सांगितलेत, त्यातला अर्धावभेदक आपल्या दुखण्याशी जुळतो: अर्धं डोकं फुटल्यासारखं, टोचल्यासारखं दुखतं, भोवळ येते, आणि पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक येतं. तो याला तिन्ही दोषांचं दुखणं म्हणतो. चरक म्हणतो वात, एकटा किंवा कफासकट. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ज्या एकट्या पित्ताच्या नावाने बोटं मोडली, त्याला मुख्य आरोपी कुणीच केलेलं नाही. चरकाची कारणं वाचा: कोरडं अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दव, अतिश्रम आणि वेग अडवणं, म्हणजे लघवी-शौच दाबून धरणं. त्या शेवटच्या शब्दावर मी हसले. सकाळी सात ते साडेबारा शाळा, मध्ये लघवीला जायला सवड नाही, म्हणून आम्ही बायका पाणीच पीत नाही.

सूर्यावर्त वेगळा. तो सूर्याबरोबर चढतो, दुपारी कळस गाठतो, कलत्या उन्हाबरोबर उतरतो. असं दुखणं पुष्कळदा सायनसचं निघतं, पण आपल्याकडे दोन्ही अर्धशिशी म्हणूनच खपतात. पहाटेची दूध-जिलेबी कुणी सुचवली असेलच. मीही खाल्ली. जिलेबी छान होती.

आता औषधं. मला पथ्यादि काढा मानवला: हिरडा, बेहडा, आवळा, काडेचिराईत, हळद, कडुनिंब, गुळवेल, वर गूळ. गूळ घालूनही कडू जहर. पोट साफ राहायला लागलं, हे नक्की. नस्याची सात दिवसांची दोन आवर्तनं केली: चेहऱ्या-खांद्यांना तेल, वाफ, मग डोकं मागे टाकून नाकात कोमट अणुतैल, आणि घशात उतरलेलं थुंकायचं, गिळायचं नाही. सर्दी असताना, जेवल्याजेवल्या किंवा गरोदरपणात हे करत नाहीत, म्हणून पहिल्यांदा तरी वैद्यांकडेच करा.

सूतशेखर नावाच्या गोळ्या मात्र जपून. लघुसूतशेखर म्हणजे सोनगेरू आणि सुंठ, विड्याच्या पानाच्या रसात घोटलेली. माझे आंबट ढेकर त्याने थांबले, डोकं नाही. नुसत्या ‘सूतशेखर रसा’त पारा, ताम्रभस्म, बचनाग, धोत्रा असतात. नाव सारखं, वस्तू वेगळी. शिरःशूलादिवज्र रसातही पारा-गंधक आहे. अशी औषधं ऑनलाइन मागवून वर्षभर खाऊ नका.

तुमच्या त्या आठ-दहा दिवसांबद्दल. दोन-तीन औषधं एकत्र असलेली मिश्र गोळी किंवा अर्धशिशीचा झटका थांबवणारी ट्रिप्टान गटातली गोळी महिन्याला 10 दिवस, साधी पॅरासिटामॉल 15 दिवस, अशी महिनोन्‌महिने चालली की गोळीच डोकेदुखी आणू लागते. तुम्ही काठावर आहात, तेव्हा काढ्याआधी न्यूरॉलॉजिस्टना हे सांगा. त्यांनी झटके येऊ नयेत म्हणून रोजची गोळी दिली असेल तर ती मनाने बंद करू नका. माझ्या पर्समध्ये सुमाट्रिप्टान असते, वैद्यबाईंना ते ठाऊक आहे आणि त्यांची त्याला हरकत नाही.

एकदम वीज पडल्यासारखं दुखलं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तापाबरोबर मान आखडली किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं धरलं, तर ना काढा ना नस्य, सरळ दवाखाना गाठा. एरवी वैद्यांकडे जाताना दोन महिन्यांच्या फुल्यांचं कॅलेंडर बरोबर न्या.